आर९ की आर०: लेस पॉल रीइश्यू निवडताना कुठे बघायचं?

प्रश्न: गिब्सन कस्टम शॉपच्या १९५९ आणि १९६०च्या लेस पॉल इलेक्ट्रिक गिटारच्या रीइश्यू (जुन्या मॉडेलच्या नव्या प्रतिकृती), म्हणजे आर९ आणि आर०, शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. विक्रेता आर९चे जास्त पैसे मागतोय. नेमका फरक काय?

नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा. ५९च्या धाटणीचा गोलसर नेक पहिल्या फ्रेटपाशी (नेकवरची धातूची पट्टी) साधारण २२.९ मिमी आणि बाराव्यापाशी २५ मिमीच्या आसपास भरतो. ६०चा सडपातळ नेक पहिल्या फ्रेटपाशी २०.३ मिमीच्या जवळपास असतो. मोजायचं तर तारा सैल करून बाजूला सारा आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) दोन फ्रेटच्या मधे, लाकडावर टेकवा. जबडा फ्रेटवर बसला तर माप जवळजवळ १ मिमी जास्त येतं आणि आर० उगाच जाड वाटते. नुसत्या जाडीवरही जाऊ नका. खांदे घासलेले असतील तर तेवढ्याच जाडीचा नेक हातात बारीक लागतो. जास्तीचे पैसे बरेचसे '५९' या आकड्याचे आहेत. लांब टेनन (नेकचं बॉडीत शिरणारं टोक) आणि मॅपलचा टॉप दोन्हींत असतो.

प्रश्न: वापरलेली आर० बघितली. नॉब साधे सोनेरी, ट्यूनरच्या (तारा ताणायच्या खुंटीच्या) बटणावर एकच कडं. ६०ला तर धातूच्या चकतीचे रिफ्लेक्टर नॉब आणि दोन कडी हवीत ना? पार्ट बदललेत का?

लगेच तसं म्हणता येणार नाही. गिब्सनच्या कॅलामाझूच्या कारखान्यात हे बदल १ जानेवारीला एकदम झाले नाहीत, १९६०मध्ये हळूहळू होत गेले. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची मूळ गिटार जवळपास ५९च असते. २०१०च्या पन्नाशीच्या रीइश्यूही म्हणूनच तीन आवृत्त्यांत आल्या: पहिली ५९च्या जवळची, तिसरी सर्वांत सडपातळ नेकची. आधी आवृत्ती विचारा, मग पार्ट ताडून बघा.

नॉब तर दोन मिनिटांत बदलता येतात, त्यांचा पुरावा कच्चाच. तुम्हाला स्वतःला बदलायचे असतील तर एक काळजी घ्या. सीटीएस कंपनीच्या पॉटच्या (नॉबखालचा फिरवायचा रोधक) शाफ्टला २४ दाते असतात आणि स्वस्त मेट्रिक नॉब १८ दात्यांचे. दाबून बसवायला गेलात तर नॉबला चीर जाते, नाहीतर शाफ्टची फट मिटते.

प्रश्न: दुकानात ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, तारांचे कंप पकडणारा भाग) ७.८ किलोओहम दाखवत होता, घरी ८.१. पिकअप बिघडला का?

नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. एसीतलं दुकान २४ अंशांवर आणि तुमची खोली ३४वर असेल, तर ७.८चे ८.१ होणारच.

जॅकमधून मोजताना व्हॉल्यूम १० वर आणि स्विच एकाच पिकअपवर ठेवा. मधल्या जागेवर दोन्ही पिकअप समांतर येतात आणि आकडा ४च्या आसपास दिसतो. व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉटही समांतर असतो, म्हणून ८.३चा पिकअप जॅकवर ८.१६ येतो. टोन पॉटचा इथे संबंध नाही, त्याच्या वाटेतला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डीसी अडवतो. रीडिंग 'ओपन' आलं किंवा हजार-दोन हजार ओहमने घसरलं, तरच पिकअप बाहेर काढा.

प्रश्न: एकीचा लाल रंग फिकट, दुसरीचा भडक. फिकट म्हणजे जुनी?

रीइश्यूत तरी नाही. मूळ गिटारींत ५९पर्यंतचा लाल रंग उन्हाने उडायचा, म्हणून १९६०मध्ये टिकाऊ लाल आला. रीइश्यूवर ती छटा मुद्दाम दिलेली असते, तिच्यावरून वय काढू नका.

प्रश्न: नंबरवरून काय कळतं?

हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) मागे शाईत '९ ३' अशी सुरुवात असेल, तर ९ हे मॉडेलचं वर्ष आणि ३ हा उत्पादनवर्षाचा शेवटचा आकडा. मग २००३ की २०१३? फरक मोठा आहे: २०१३पासून नेक प्राणिज सरसाने चिकटवतात, ट्रस रॉडवरची (नेकमधली धातूची सळई) प्लॅस्टिकची नळी गेली आणि बर्स्टबकर पिकअपच्या जागी कस्टमबकर आले. सरस बाहेरून दिसत नाही, तेव्हा प्रमाणपत्रावरची तारीख बघा.

शेवटी मागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडून पॉटच्या खोबणीत बघा. तिथे 'आर९' किंवा 'आर०' असा शिक्का असतो. आत आर० आणि हेडस्टॉकचा नंबर ९ने सुरू, असं दिसलं तर झाकण लावा आणि गिटार परत द्या.