आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एप्रिल लागला की या सदराकडे रातांबे (कोकमाची फळं), कैऱ्या आणि कडधान्यातले भुंगे यांचीच पत्रं येतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पाककृती मागणाऱ्या पत्रांना या अंकात जागा नाही. वर्षभर टिकतं कसं आणि बिघडतं का, एवढंच पाहू.

प्रश्न (गुहागर): घरच्या रातांब्यांची आमसुलं मे महिन्यात खडखडीत वाळली होती. जुलैत बरणीच्या तळाला काळपट पाणी साठलं आणि काही फोडींवर पांढरं आलं. सगळी टाकून दिली. वाळवण्यात काय चुकलं?

वाळवण्यात बहुधा काहीच चुकलं नाही, चूक झाकणाची आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. जुलैत आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ८५ ते ९० च्या घरात असते. त्यामुळे सैल झाकणाच्या बरणीतली खारवलेली आमसुलं पाणी सोडणारच. ते पाणी म्हणजे मीठ आणि कोकमाचं आंबट, आमटीत बेलाशक वापरावं.

पांढरं काय आहे ते मात्र तपासायला हवं. बोटाला खरखरीत लागलं आणि पाण्यात बुडवताच विरघळलं तर मीठ. मऊ, केसाळ, कुबट वासाचं असेल तर बुरशी. तशी आमसुलं धुऊन परत वाळवण्याचा मोह नको, टाकाच.

पुढच्या वेळेसाठी प्रमाण असं. पूर्ण पिकलेले, गडद लाल १० किलो रातांबे धुऊन कोरडे पुसा. फोडून बिया गरासकट चाळणीत काढा, खाली स्टीलचं किंवा चिनीमातीचं भांडं ठेवा. ॲल्युमिनियम आणि पितळ नको, आंबटाने भांडं चरतं आणि रसाला धातूची चव येते. सालं साधारण ५ किलो निघतात. निथळलेल्या रसात अर्धा किलो जाडं मीठ विरघळवा. सालं पहिला दिवस उन्हात सुकवून संध्याकाळी या रसात बुडवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. अशी पाच ते सात पुटं, रस संपेपर्यंत. पुटं न देता नुसती वाळवलेली सालं फिकी आणि चिवट होतात. बाजारातली स्वस्त आमसुलं बरीचशी तशीच असतात. एवढ्या फळांची एक ते दीड किलो आमसुलं होतात. उन्हातून उचलली की लगेच भरू नका, सावलीत पूर्ण निवू द्या. गरम भरली तर डब्याला आतून घाम येतो. बरणी गळ्यापर्यंत दाबून भरायची, रबरी कडीचं झाकण लावायचं आणि रोजच्या वापराची आमसुलं छोट्या डब्यात वेगळी काढायची. पावसात मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडावी.

प्रश्न (दापोली तालुका): परड्यातल्या कोकमाला दरवर्षी फुलं येतात, फळ एकही धरत नाही. खत कमी पडतंय का?

खताचा प्रश्न नाही. झाड नर असावं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून लावलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, ते कळत नाही. म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलमच घ्या. तुमच्या जवळच, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ ही जात आहे. तिची फळं पावसाआधी हाती येतात आणि आमसुलांना ऊन मिळतं. उशिरा पिकणाऱ्या झाडाखाली जूनमध्ये चिखलात फळं वेचायची वेळ येते. असलेलं नर झाड तोडू नका, आसपासच्या मादी झाडांना पराग त्याचाच.

प्रश्न (माणगाव): घरचे वाल आणि कुळीथ ऑगस्टपर्यंत पोखरून जातात. डबा हवाबंद आहे. एका दुकानदाराने धान्यात ठेवायच्या गोळ्या दिल्या आहेत. वापराव्यात का?

आधी गोळ्यांबद्दल: घरात अजिबात नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. दमट हवा लागताच त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत, माजघरात किंवा झोपायच्या जागेजवळ त्याने माणसं दगावतात. पावसाळी हवेत तर तो अधिकच लवकर सुटतो. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा रीतीने त्या कृषी सेवा केंद्रात परत द्या. उघडून पाहू नका, कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका.

आता भुंगा. तो डब्यात बाहेरून शिरत नाही. मादी शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरून बसते. तुम्ही भरता तेव्हा दाणा वरून निर्मळ दिसतो, आत मात्र अळी असते. त्यामुळे हवाबंद डबा एकटा पुरा पडत नाही.

शेंगा झाडावर फार काळ ठेवू नका, पिवळ्या पडून वाळू लागल्या की काढा. मळणीनंतर दाणे काळ्या प्लास्टिकवर किंवा पत्र्यावर पातळ पसरून तीन-चार दिवस दुपारच्या कडक उन्हात तापवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. निवल्यावर खाण्याच्या धान्याला किलोमागे एक चमचा, म्हणजे ५ मिली, खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल हाताने चोळा. तेलाच्या थरामुळे नवी अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि बरीचशी उबत नाहीत. डबा काठोकाठ भरा, म्हणजे आत हवाही कमी राहते. फ्रीझर असेल तर पाच किलोपर्यंतची पिशवी आठवडाभर त्यात ठेवणं सर्वांत खात्रीचं. काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यावर दव धरतं.

बियाण्यासाठी चाळलेली कोरडी राख उत्तम: मडक्यात दाणे आणि राख मिसळून वर तीन बोटं राखेचा थर. राखेने किड्याच्या अंगावरचं मेणाचं कवच खरवडतं आणि तो सुकून मरतो. कडुलिंबाच्या पाल्याने मात्र फारसं काही होत नाही. पाला ओलसर असेल तर उलट नुकसानच.

प्रश्न (रत्नागिरी): हापूसचा गर आणि कोकम सरबत, दोन्हीत केएमएस घालायला सांगितलं. गर चांगला राहिला, सरबताचा रंग उडाला.

केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, यातला सल्फर डायऑक्साइड कोकमाच्या लाल रंगद्रव्याला फिकं करतो. कोकम, जांभूळ, करवंद यांना ते घालायचंच नाही. कोकमाला मुळात दोन सोप्या वाटा आहेत. आगळाला, म्हणजे कोकमाच्या खाऱ्या रसाला, लिटरभर रसात १५० ते २०० ग्रॅम मीठ पुरतं, बाकी काही नको. गोड अमृतकोकमाला एक किलो सालांना दोन किलो साखर, थर देऊन काचेच्या बरणीत, सात-आठ दिवस उन्हात. साखर विरघळल्यावर गाळलेला पाक दाट असेल तर तसाच टिकतो. भीती वाटत असेल तर सोडियम बेन्झोएट, पण किलोमागे ०.६ ग्रॅमच. घरच्या काट्यावर इतकं मोजता येत नाही, म्हणून ६ ग्रॅम बेन्झोएट गरम पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा आणि किलोला त्यातले १० मिली घाला. अंदाजाने चिमूट टाकणं बंद करा.

हापूसच्या गरालाही आम्ही केएमएसपेक्षा उष्णता पसंत करतो. दम्याच्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. पूर्ण पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा कमी असतो, म्हणून किलोला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालाच, चवीसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी. गर ढवळत ८५ अंशांपर्यंत तापवा, उकळलेल्या गरम बाटल्यांत वर बोटभर जागा सोडून भरा, झाकण लावा. पातेल्यात तळाशी फडकं घालून बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाणी उकळू लागल्यापासून अर्धा तास ठेवा. थंड पाण्यात टाकू नका, काच तडकते. झाकण फुगलेलं दिसलं किंवा उघडताना फसफसलं तर चाखूनही पाहू नका.

प्रश्न (कुडाळ): खारातले फणसाचे गरे वर तरंगतात आणि तेवढेच बुळबुळीत होतात.

मिठाच्या पाण्याबाहेर राहिलेला गरा बिघडणारच. कच्च्या फणसाचा गरा आंबट नसतो, त्याला राखणारं फक्त मीठ, त्यामुळे इथे काटकसर धोक्याची. किलोभर गऱ्यांना पाव किलो जाडं मीठ, थरावर थर. दोन दिवसांत सुटलेलं पाणी गऱ्यांच्या वर आलं नाही तर लिटरला २०० ग्रॅम मीठ घालून उकळलेलं, निवलेलं पाणी ओता. वर स्वच्छ बशी उपडी घालून तिच्यावर धुतलेला दगड. शिजवण्याआधी रात्रभर भिजवा, पाणी दोनदा बदला, मग दहा मिनिटं उकळून भाजीला घ्या. लोक मीठ कमी करून वरून तेल ओततात. तेलाखाली हवा नसते आणि ज्या जंतूला हवा नकोच असते त्याला तेच हवं असतं. नुसत्या तेलात बुडवलेली सोललेली लसूणही याच कारणाने फ्रिजबाहेर ठेवू नये, फ्रिजमध्ये चार दिवसांत संपवावी.

प्रश्न (ठाणे, गाव राजापूर): गावी घरामागे जेमतेम अर्धा गुंठा मोकळा आहे. महिन्यातून एकदाच जाणं होतं. काय लावलं तर साठवणीला उपयोगी पडेल?

पालेभाजी विसरा. हळद, सुरण, करांदे अशी कंदपिकं लावा. राखण कमी आणि पावसावर येतात. पाच माणसांच्या घराला वर्षाला दीड-दोन किलो हळदपूड लागते. ओली हळद वाळून पाचवा हिस्सा उरते, म्हणजे ८ ते १० किलो ओली हवी. त्यासाठी किलोभर बेणं, ३०-४० ग्रॅमचे तुकडे, एक-एक फुटावर: तीन चौरस मीटर जागा झाली. मेअखेर उंच गादीवाफ्यावर लावा. वाफा सपाट ठेवला तर जुलैच्या पाण्यात कंद कुजतो, बिघाड इथेच होतो. पानं वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढा, कंद पाण्यात ४५ मिनिटं ते तासभर उकळा. काडी सहज आत गेली की झालं. दहा-पंधरा दिवस उन्हात. मोडताना टणक आवाज आला पाहिजे. कमी उकळलेली हळद आतून वाळत नाही आणि पावसाळ्यात पोखरते.

सुरण एप्रिल-मेमध्ये लावून पानं मान टाकू लागली की काढायचा. कंद धुऊ नका. मातीसकट, एकमेकांना न टेकवता, पडवीत तट्ट्यावर ठेवा.

प्रश्न (देवगड): खारवलेल्या बांगड्यावर गुलाबी डाग पडतात.

मिठाच्याच सोबतीने वाढणाऱ्या जंतूंची ती खूण आहे आणि ते मिठागराच्या मिठातूनच येतात. डाग वरवर, नुकतेच आलेले असले तरी मासा ठेवू नका. मीठ कढईत भाजून घ्या, बांगड्याचे आतडे आणि कल्ले पूर्ण काढा, चार किलोला एक किलो मीठ, वर वजन ठेवून दोन दिवस. मग खाऱ्या पाण्यात खंगाळून तीन-चार दिवस वाळूवर नव्हे, माचावर वाळवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत लागेल तेवढाच करा. डबा आंबापोळीच्या फळीवर नको, वास धरते.