नोटाबंदीत सोलापूरच्या विडी कामगार बायकांचे गटकर्जाचे हप्ते का थकले?

मजुरी आणि हप्ता, दोन्ही आठवड्याच्या रोकडीवर चालत होतं, म्हणून. 8 नोव्हेंबर 2016 ला 500 आणि 1000 च्या नोटा बाद झाल्या. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे, रोख मिळायची. कारखानदाराला चालू खात्यातून आठवड्याला 50,000 च काढता येत होते. त्यात एवढ्या बायकांची मजुरी कशी भागणार?

त्याआधी फायनान्सवाले गल्लीत येऊन कर्ज देत होते. तारण नाही, शेजारणीच एकमेकींना जामीन. एकेका घरात दोन-तीन गटांची कार्डं. आठवड्याच्या वसुलीच्या मीटिंगमध्ये एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला म्हणणार, ‘तिचा तुम्ही भरा, तोवर मीटिंग उठणार नाही.’ मग कुणी उसनवारी केली, कुणी कानातलं गहाण टाकलं. माझ्या मते पैशापेक्षा शेजार तुटला, तो फटका जास्त मोठा.

रिझर्व्ह बँकेने 60 दिवसांची सवलत दिली होती, पण ती खातं थकीत ठरवण्यापुरती. हप्ता माफ नव्हता आणि व्याजही थांबलं नव्हतं. कर्जमाफीची अफवा मात्र जोरात पसरली.