नेझोमीटर लावण्याआधी

प्रिय मुली,

सोमवारपासून तू तोंडातल्या फाटलेल्या टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांचं बोलणं तपासायला बसणार हे कळलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

नेझोमीटर हे यंत्र तू शिकलीच आहेस. ओठावर टेकणारी प्लेट, वर नाकासमोर एक माइक, खाली तोंडासमोर दुसरा. नाकातून येणाऱ्या आवाजाला नाक आणि तोंड दोन्हींच्या एकत्र आवाजानं भागायचं, ते टक्क्यांत मांडायचं, की झाला नेझलन्स, म्हणजे आवाजातला नाकाचा वाटा. सॅम्युअल फ्लेचर यांनी १९७० च्या सुमारास ही कल्पना आणली. यंत्राबद्दल एवढं पुरे. मला बोलायचंय ते मुलाकडून म्हणवून घ्यायच्या वाक्यांबद्दल, कारण आकडा तिथेच ठरतो.

नवीन असताना माझ्याकडून एक चूक झाली. सात वर्षांचा मुलगा, टाळू शिवलेली. आई त्याला बदलापूरहून पहाटेच्या लोकलनं घेऊन आली होती. 'दादाने केळी खाल्ली, ताईने पोळी लाटली' अशी वाक्यं मी स्वतःच रचली होती. आकडा थोडा वर गेला आणि मी लिहून मोकळी झाले की टाळू नीट मिटत नाही. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव निघताच ती बाई बाहेरच्या बाकावर बसून रडू लागली. माझ्या वरिष्ठ बाईंनी कागद हातात घेतला आणि प्रत्येक 'ने'खाली पेन्सिलीनं रेघ मारली. 'न' म्हणताना टाळू खाली येणारच आणि आवाज नाकातून जाणारच, निरोगी मुलाचाही जातो! 'काका, पोपट उडाला', 'ताई, टोपी कुठे ठेवली?' अशी वाक्यं देऊन पुन्हा मोजलं, तर आकडा खाली आला. त्या माउलीची मी माफी मागितली, पण तिची ती दुपार काही मला परत देता आली नाही.

आपल्या भाषेत म-न टाळणं वाटतं तितकं सोपं नाही. मुलाला स्वतःबद्दल सांगायला लावलं की 'मी', 'मला', 'माझं' आलंच. 'नाही'मध्ये न, 'पाणी'मध्ये ण. इंग्रजी उताऱ्यांवरून ठरवलेले आकडे मराठी मुलाला सरळ लावू नकोस. शिवाय मुंबईत कोकणातली घरं पुष्कळ, आणि काही मालवणी बोलणाऱ्यांचे स्वरच मुळात नाकातून येतात. तो त्यांचा बोलण्याचा हेल आहे, दोष नव्हे. अशा वेळी घरचं माणूस कसं बोलतं, ते आधी ऐक.

ऐकणं मात्र स्क्रीनकडे बघण्याआधीच. तुझ्या कानाला काय वाटलं ते कागदावर लिहून ठेव, मग आकडा बघ. मुलाला 'पा-पा-पा' म्हणायला लाव आणि दोन बोटांनी हलकेच नाक चिमटीत धर. आवाज बदलला तर नाकातून गळतंय. 'मा-मा' म्हणताना नाक धरूनही आवाज तसाच राहिला, तर नाकच बंद असेल. पावसाळ्यात हे फार होतं. सर्दी झालेल्या मुलाचा आकडा खाली येतो आणि आपण उगाच खूश होतो. टाळू गळतेय आणि अॅडिनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठीही वाढल्यात, अशा मुलाचा आकडा तर अगदी नॉर्मल दिसू शकतो. तिथे कानच तुला थांबवेल. शंका राहिलीच तर नाकातून दुर्बीण घालून टाळू प्रत्यक्ष बघण्यासाठी डॉक्टरांकडे पाठव. नुसत्या टक्क्यावर ऑपरेशनचा शब्द काढू नकोस.

आणि रोज सकाळी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप बरोबर लावून घेणं. गर्दी कितीही असो.

प्लेट आधी स्वतःच्या ओठावर टेकवून बघ. थंड लागते, लहान मुलं दचकून मान मागे घेतात. आईच्या हातात देऊन तिला खेळू दे, मग मुलाला लाव. घरी, शाळेत त्याला 'गेंगाणा' म्हणून चिडवलेलं असतं, त्यामुळे तोंडासमोर काही आणलं की ते गप्पच होतं.

तुझी वाक्यं शनिवारपर्यंत पाठव. त्यातले म, न, ण मी पेन्सिल घेऊन शोधते.

सस्नेह,
तुझ्या मॅडम