फिल्टर सुधारण्याआधी रेफरल तपासा

आपण विचारले आहे की जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉगिनच्या वेळी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (संस्थेतील वापरकर्ते आणि ग्रुप यांची मायक्रोसॉफ्टची नोंदवही) वापरकर्ता शोधायला कधी क्षणभर, तर कधी दहा-पंधरा सेकंद लागतात, तेव्हा एलडॅपचा (डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याच्या प्रोटोकॉलचा) फिल्टर, म्हणजे शोधाची अट, कसा सुधारावा. वाईट फिल्टर बहुधा रोज सारखाच रेंगाळतो. वेळ असा वरखाली होत असेल, तर माझा संशय आधी रेफरलवर, म्हणजे 'बाकीचे दुसऱ्या पत्त्यावर विचारा' अशा सर्व्हरच्या उत्तरावर, जातो, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही इंदूरच्या कार्यालयात बसून पीथमपूरच्या एका कारखान्यासाठी रजेच्या अर्जांची प्रणाली तयार केली होती. आमच्या चाचणीत लॉगिन लगेच होत असे, कारखान्यात मात्र सकाळच्या पाळीची माणसे पडद्याकडे पाहत खोळंबत. आमच्या तेव्हाच्या टीम लीडरांनी डिरेक्टरीचा सर्व्हरच हळू आहे असे ठरवून प्रत्येकाचे ग्रुप आठ तास कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायला लावले. मी बैठकीत विरोध केला, पण हाती मोजमाप नसल्यामुळे माझे म्हणणे टिकले नाही. पंधरवड्याच्या आतच एका अधिकाऱ्याला मंजुरीच्या ग्रुपमधून सकाळी काढण्यात आले, आणि तरीही संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावाने रजा मंजूर होत राहिल्या.

त्यानंतर मी तिथल्या लिनक्स सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट नोंदवणारे साधन) लावला आणि ती फाईल रात्री राजेंद्रनगरला घरी वायरशार्कमध्ये उघडली. डोमेन कंट्रोलरने (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरने) वापरकर्त्याची नोंद बारा मिलिसेकंदांत परत केली होती. शोध डोमेनच्या मुळापासून सुरू होत असल्यामुळे तिच्यामागोमाग तीन रेफरल आले होते, एक कॉन्फिगरेशनचा आणि दोन डीएनएसच्या (नावावरून पत्ता देणाऱ्या सेवेच्या) झोनचे. आमच्या कोडने जेएनडीआयला (डिरेक्टरीशी बोलणाऱ्या जावाच्या लायब्ररीला) रेफरल 'फॉलो' करायला सांगितले होते, म्हणून ते प्रत्येक रेफरलमधील नावाचा पत्ता विचारून नवे कनेक्शन उघडू पाहत होते. डीएनएस अशा नावांसाठी निरनिराळ्या डोमेन कंट्रोलरांचे पत्ते आलटूनपालटून देते, आणि त्यांपैकी मुंबईच्या मुख्यालयातील पत्त्यांकडे जाणारी वाट फायरवॉलने बंद केली होती. कनेक्शन मागणाऱ्या पॅकेटला साधा नकारही येत नव्हता. एका सेकंदाने तेच पॅकेट पुन्हा जाई, आणखी दोन सेकंदांनी पुन्हा, आणि पाचव्या सेकंदाला आमचा टाइमआउट होई. तिन्ही रेफरल मुंबईकडे वळले की पंधरा सेकंद, एकही वळला नाही की काहीच नाही. इंदूरच्या चाचणीत एकच डोमेन कंट्रोलर असल्यामुळे आम्हाला हे कधी दिसलेच नव्हते.

आम्ही शोधाचा आधार कर्मचाऱ्यांच्या ओयूवर, म्हणजे डिरेक्टरीतल्या त्यांच्या शाखेवर, आणला, रेफरल 'इग्नोर' केले, आणि लॉगिन अर्ध्या सेकंदाच्या आत आले. मुळापासूनच शोधणे भाग असेल, तर 'इग्नोर' करूनही निकालांच्या शेवटी पार्शल रिझल्टचे एक्सेप्शन (निकाल अपुरा असल्याची त्रुटी) येते, ते पकडावे लागते. एलडॅपच्या नेहमीच्या ३८९ पोर्टऐवजी ग्लोबल कॅटलॉगचा (सर्व डोमेनांच्या नोंदींच्या संक्षिप्त सूचीचा) ३२६८ पोर्ट वापरता येतो, पण तिथे सगळे अ‍ॅट्रिब्यूट (नोंदीतले रकाने) मिळत नाहीत. आपण ६३६ पोर्टवर टीएलएस (कूटबद्ध कनेक्शन) वापरत असाल, तर जेएनडीआयचा कनेक्शन पूल (उघडी कनेक्शने पुन्हा वापरण्याची सोय) मूळ मांडणीत फक्त साध्या कनेक्शनांना लागू असतो. एसएसएलचे (टीएलएसचे जुने नाव) नाव त्यात स्वतः घालावे लागते, नाहीतर प्रत्येक वेळी नवा हँडशेक (कनेक्शन जुळवण्याची सुरुवातीची बोलणी) होतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात निदान एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असलेले अ‍ॅट्रिब्यूट असावे, नावाच्या सुरुवातीला तारांकन नसावे, आणि ज्या मॅचिंग रूलचा (जुळणीच्या नियमाचा) ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, १९४१ ने संपतो तो ग्रुपमधले ग्रुप शोधणारा नियम मोठ्या डिरेक्टरीत लॉगिनच्या वाटेवर ठेवू नये. डोमेन कंट्रोलरवर फील्ड इंजिनीअरिंग या लॉगची पातळी ५ वर नेल्यास महागड्या क्वेरी १६४४ क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये दिसतात. तिथे आपली क्वेरी नसेल, तर फिल्टर सोडून द्यावा.

आणि कोणी कॅश लावा म्हणाले, तर मोजमाप होईपर्यंत लावू नका. कॅश सरसकट वाईट आहे असे मी म्हणत नाही. नाव, विभाग, दूरध्वनी क्रमांक यांसाठी आठ तासही चालतील, आणि लांबच्या डोमेन कंट्रोलरशिवाय पर्याय नसेल तर ग्रुपही पाच मिनिटे ठेवता येतील. मंजुरीचा अधिकार मात्र बटण दाबल्याच्या क्षणी डिरेक्टरीलाच विचारला पाहिजे. हे मी त्या बैठकीतही सांगितले होते.