भाऊ एकलकोंडा झाला आहे, संशय घेतो : आत्ताच मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे की वाट पाहावी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचा १९ वर्षांचा भाऊ पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पाच-सहा महिन्यांत तो मित्रांपासून तुटला आहे, त्याचे दोन विषय राहिले आहेत, रात्र-रात्र तो जागा असतो. मेसमध्ये मुले आपल्याविषयी कुजबुजतात असे तो म्हणतो. तुम्ही खोदून विचारले की मात्र ‘कदाचित मलाच तसं वाटत असेल’ अशीही कबुली देतो. मामांना स्किझोफ्रेनिया असल्यामुळे आई घाबरल्या आहेत, वडील परीक्षा होईपर्यंत थांबू म्हणतात, आणि आत्ता दवाखान्यात नेले तर भावावर कायमचा शिक्का बसेल ही तुमची भीती आहे. मी डॉक्टर नाही. मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून मी अनेक वर्षे अशा कुटुंबांबरोबर काम केले आहे, त्यामुळे निदान न करता, या टप्प्यावर तज्ज्ञ नेमके काय पाहतात आणि का, एवढेच सांगते.

माझे मत असे की थांबू नये; मात्र त्याला स्किझोफ्रेनिया होणारच आहे असे धरूनही जाऊ नये.

तुमच्या भावाचे ‘कदाचित मलाच तसं वाटत असेल’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. सायकोसिसमध्ये (स्किझोफ्रेनिया हा त्याचाच एक प्रकार) माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. लोक आपल्याविरुद्ध कट करत आहेत याची त्याला खात्री पटलेली असते आणि कितीही समजावले तरी ती ढळत नाही. तुमच्या भावाची शंका अजून शंकाच आहे, तो तिच्याकडे थोडे बाजूला होऊन पाहू शकतो. हाच मधला टप्पा ओळखण्यासाठी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १९९४ साली पॅट्रिक मॅकगॉरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास चिकित्सालय सुरू केले, आणि त्यांनी ठरवलेले निकष आज जगभर थोड्याफार फरकाने वापरले जातात. त्या निकषांनुसार तीन प्रकारच्या तरुणांना जास्त जोखमीचे मानतात : ज्यांच्यात संशय, भास किंवा विस्कळीत बोलणे सौम्य स्वरूपात दिसते, ज्यांना सायकोसिसची ठळक लक्षणे आली, पण आठवड्याच्या आत औषधाविना आपोआप गेली, आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला सायकोसिसचा आजार आहे व शिवाय ज्यांचे स्वतःचे दैनंदिन कामकाज लक्षणीयरीत्या ढासळले आहे. मामांचे नाते या तिसऱ्या प्रकारात धरत नाहीत. त्यांच्या आजारामुळे भावाची जोखीम सर्वसामान्य मुलापेक्षा थोडी वाढते हे खरे, पण अशा बहुसंख्य भाच्यांना हा आजार कधीच होत नाही, हे आईंना जरूर सांगा.

तज्ज्ञ तपासतात म्हणजे काय करतात, याची कल्पना असली की भीती कमी होते. यासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या छायाचित्राची कोणतीही निर्णायक चाचणी नाही. सगळा भर सविस्तर मुलाखतीवर असतो. समजा, तो म्हणाला की मुले कुजबुजतात, तर प्रश्न येतात ते असे : हे रोज होते की आठवड्यातून एखाद्या वेळी? किती वेळ टिकते? कुठल्याही मुलांबाबत वाटते की ठरावीक दोघा-तिघांबाबत? त्या क्षणी खात्री किती असते, आणि खोलीवर परतल्यावर किती उरते? त्यामुळे मेसमध्ये जाणे बंद केले का, जेवण सोडले का? रात्रभर जागरण झाल्यावर हे वाढते का? कोणी खरोखरच त्याची चेष्टा करत आहे का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण वसतिगृहात मुलांचा छळ होतो, आणि खऱ्या छळाला आजार समजून बसणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय ठरतो. लक्षणाची तीव्रता, वारंवारता, त्याविषयीची खात्री आणि त्यामुळे वागण्यात पडलेला फरक या चार गोष्टींवरून त्याला सायकोसिस ‘आहे’, तो फक्त ‘जोखमीत आहे’ की यांपैकी काहीच ‘नाही’ हे ठरते.

आता शिक्क्याविषयी. जोखमीच्या गटात मोडणाऱ्या तरुणांपैकी पुढे किती जणांना सायकोसिस होतो, याचे २०१२ साली एकत्रित केलेले आकडे तीन वर्षांत सुमारे ३६ टक्के असे होते. नंतरच्या, अधिक व्यापक संकलनात ते २५ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे या गटात बसलेल्या चौघांपैकी साधारण तिघे तीन वर्षांत त्या आजारापर्यंत पोहोचत नाहीत. हे आकडेसुद्धा तज्ज्ञांकडे पाठवल्या गेलेल्या, आधीच त्रासात असलेल्या मुलांचे आहेत. सरसकट एखाद्या महाविद्यालयात प्रश्नावली वाटून जी मुले ‘होय’ म्हणतील, त्यांना ते लागू होत नाहीत. एखाद्या वेळी भास होणे किंवा उगाच संशय येणे हे अनुभव सर्वसामान्य लोकांतही शंभरात पाच-सात जणांना येतात आणि बहुतेकांचे ते आपोआप जातात. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून त्याच्या गुणांवरून भावाविषयी काही ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदान-पुस्तिकेत ही सौम्य अवस्था मुख्य आजारांत न घेता ‘अधिक अभ्यास हवा’ अशा अवस्थांमध्ये ठेवली, त्यामागे विनाकारण शिक्का आणि विनाकारण औषधे यांचीही चिंता होती. तुमची भीती तज्ज्ञांनाही ठाऊक असलेली भीती आहे.

मग लवकर जाण्याचा उपयोग काय? एक तर हा मुलगा आज त्रासात आहे. पुढे सायकोसिस होवो वा न होवो, जोखमीच्या गटातील पुष्कळ तरुणांना त्याच वेळी नैराश्य किंवा चिंताविकार असतो, आणि त्यावर उपचार आहेत. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ जोखीम आहे म्हणून सायकोसिसविरोधी गोळ्या सुरू करू नयेत. बोधात्मक वर्तनोपचार (बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला मदत करणारा उपचार), गरज असेल तर कुटुंबासह समुपदेशन, आणि सोबतच्या नैराश्यावर वा चिंतेवर योग्य ते उपचार द्यावेत. प्रत्यक्ष औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण पहिल्याच भेटीत गोळ्या लिहून दिल्या, तर त्या कशासाठी आहेत आणि किती दिवसांसाठी, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सायकोसिस खरोखर सुरू झाला, तर तो उपचाराविना जितका काळ राहतो तितके पुढचे सुधारणे अवघड होते. नॉर्वेमध्ये स्टाव्हांगरच्या परिसरात १९९७ पासून यावर मोठे काम झाले. वर्तमानपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे, घरोघरी पत्रके, शिक्षक आणि कुटुंबवैद्य यांच्यामार्फत लोकांना लक्षणे समजावून सांगितली, आणि कोणीही थेट फोन करावा, डॉक्टरांची चिठ्ठी लागू नये, अशी पथके नेमली. तिथे उपचाराविना जाणारा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा याहून जास्त) ५ आठवड्यांवर आला. ज्या भागांत ही मोहीम नव्हती तिथे तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा मोहिमेच्या भागातील रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के पूर्ण सावरलेले होते, दुसरीकडे १५ टक्के. आणि मला विशेष अस्वस्थ करणारी बाब अशी की जाहिराती थांबल्यावर तो काळ पुन्हा वाढून १५ आठवड्यांवर गेला. पथके होती, डॉक्टर होते. फक्त लोकांना आठवण करून देणे थांबले होते. आपल्याकडे तर बाहेरची बाधा, करणी, नजर यांत आणि ‘लग्न झाले की सुधारेल’ या आशेत महिनेच्या महिने जातात. आईंना देवाला जायचे असेल तर त्यांना अडवू नका. तपासणी मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.

खास चिकित्सालये असूनही सगळे तिथे पोहोचत नाहीत. दक्षिण लंडनमध्ये असे केंद्र २००१ पासून आहे, तरी तिथे पहिल्यांदा सायकोसिस झालेल्यांपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास रुग्ण आधी त्या केंद्रात आलेले होते. म्हणून घरातल्या माणसाचे लक्ष जाणे हे कोणत्याही यंत्रणेइतकेच मोलाचे आहे, आणि ते तुम्ही केले आहे.

भावाशी बोलताना ‘तुला भ्रम होतोय’ असे म्हणू नका आणि ‘हो, ती मुलं वाईटच आहेत’ असेही म्हणू नका. झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, हे त्याचे स्वतःचे त्रास आहेत. त्यासाठी डॉक्टरांना भेटू, असे म्हटले की ही मुले बहुधा येतात. गांजाविषयी विचारा, पण पोलिसी सुरात नको. स्वीडनमधील लष्करी भरतीच्या तरुणांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ५० हून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले होते. तो घेत असेल, तर जोखीम कमी करण्यासाठी आपल्या हातात असलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर कधी काय बदलले ते महिन्यांनिशी लिहून न्या : कोणत्या सत्रापासून गुण घसरले, आंघोळ व कपडे यांकडे दुर्लक्ष कधीपासून आहे, शेवटचा मित्र घरी कधी आला होता. डॉक्टर थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ यांसारख्या तपासण्या सांगतील, त्या करून घ्या. तो सज्ञान आहे, त्यामुळे डॉक्टर त्याच्याशी एकट्याने बोलतील आणि सगळे तुम्हाला सांगणार नाहीत. याचे वाईट वाटून घेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याच हक्कामुळे, कायद्यातले काही अपवाद सोडले तर, ही माहिती महाविद्यालयाला किंवा नातेवाइकांना परस्पर कळवता येत नाही. वडिलांना हे आवर्जून वाचून दाखवा. एका भेटीत काहीच ठरले नाही, ‘दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा या’ असे सांगितले, तरी डॉक्टरांना कळले नाही असे समजू नका. या अवस्थेत लक्ष ठेवून राहणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर भेटीच्या तारखेची वाट पाहायची नाही : शंकेची जागा ठाम खात्रीने घेतली, कोणी नसताना तो उत्तरे देऊ लागला, अन्नात काही घातले आहे म्हणून जेवेनासा झाला, मरणाची भाषा करू लागला, किंवा कोणाला इजा करण्याचे बोलला. फिट येणे, ताप किंवा एकाएकी गोंधळल्यासारखे होणे दिसले तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, कारण तेव्हा मेंदूचा शारीरिक आजार आधी वगळावा लागतो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे हे सुचले नाही तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

परीक्षेबाबत वडिलांना इतकेच सांगा की तपासणीसाठी सत्र सोडावे लागत नाही. शनिवारी त्याला घरी बोलावून घ्या आणि सोमवारची वेळ आजच ठरवा. डॉक्टरांनी विश्रांती सुचवलीच, तर महाविद्यालयाकडे वैद्यकीय कारणासाठीचा अर्ज कसा करायचा आणि त्यात किती लिहायचे, ते मी इथेच सांगेन.