बिलावर जीएसटी नंबर असला तरी तुम्ही ग्राहकच

प्रश्न : सोलापुरात घरी बसून मी चादरी-टॉवेलच्या जकार्डसाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढून देते. १४ महिन्यांपूर्वी नवी पेठेतल्या एका दुकानातून ६८ हजारांचा कॉम्प्युटर घेतला. दुसऱ्या महिन्यापासून तो कामाच्या मध्येच बंद पडतो. दोनदा मदरबोर्ड बदलला, फरक नाही. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. आणि मला न विचारताच 'तक्रार निकाली' असा मेसेज. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. आता वॉरंटी संपली. कंपनी म्हणते, बिलावर तुमचा जीएसटी नंबर आहे म्हणजे वापर व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही. आणि दावा बेंगळुरूतच करावा लागेल. खरं आहे का?

उत्तर : नाही. अशी उत्तरं वाचून माणसं घरी बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे हे खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यात धरत नाहीत, असं स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. कंपनीने तेवढंच गाळलं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने टाइपरायटरचं उदाहरण दिलं होतं : लोकांचं टायपिंग पैसे घेऊन करणारा माणूस पोटासाठी स्वतः मशीनवर बसत असेल, तर तो ग्राहकच. एक-दोन मदतनीस असले तरी चालतात. तुमच्या कॉम्प्युटरला हे जसंच्या तसं लागू पडतं. मात्र 'हा कॉम्प्युटर मी स्वतः चालवते, माझं घर यावर चालतं' हे तक्रारीत आणि प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. बहुतेक जण इथेच चुकतात.

बेंगळुरूला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्याचा हक्क कलम ३४ देतं. तुमच्यासाठी तो सोलापूरचा आयोग. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं थांबेल. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकीलही सक्तीचा नाही.

खरी लढाई पुराव्याची. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या दोन्ही जॉब शीट (दुरुस्तीचे कागद) जपा. मदरबोर्ड दोनदा बदलावा लागला हे त्यांनीच लिहून दिलंय, यापेक्षा बोलका कागद नाही. वॉरंटी आज संपली असली तरी बिघाड आणि तक्रारी वॉरंटीतल्याच आहेत, म्हणून प्रत्येक तक्रारीचा नंबर आणि तारीख एका कागदावर उतरवा. 'तक्रार निकाली'च्या मेसेजच्या दुसऱ्याच दिवशी मशीन बंद पडलं असेल तर तेही लिहा. मेसेज-ईमेलच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (डिजिटल पुराव्याची प्रिंट खरी असल्याचं) जोडा. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून काही झालं तरी मशीन बाहेरच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नका.

पैसे परत किंवा नवा कॉम्प्युटर, यातलं एक आधी मागा आणि त्यावर नुकसानभरपाई. बुडालेल्या ऑर्डरींचा आकडा यंत्रमागवाल्यांच्या मेसेजवरून दाखवता येईल तेवढाच धरा.

आधी स्पीड पोस्टाने दोघांना १५ दिवसांची नोटीस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. पण मुदत २ वर्षांची आहे आणि अशा पत्रव्यवहाराने ती थांबत नाही. पहिल्या बिघाडापासून मोजली तर तुमच्या हातात ११ महिनेच उरतात.