साखर-यीस्टच्या बाटलीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने घरातले ढेकूण आणि डास पकडता येतात का?

ढेकूण काही प्रमाणात येतात. डासांसाठी नुसत्या बाटलीवर विसंबू नका.

आपल्या उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. रक्त पिणारे कीटक हा फरक हेरून माणसापर्यंत पोचतात. झुरळं-मुंग्यांना त्याचं काही पडलेलं नसतं, त्यांना खाणं हवं असतं.

ढेकणांसाठी गुळगुळीत भिंतींचं पसरट भांडं घ्या. बाहेरून खरखरीत कापड चिकटवा, म्हणजे त्यांना वर चढता येईल. आत टाल्कम पावडर हलकेच पसरा, म्हणजे उतरलेला ढेकूण परत वर येणार नाही. मधोमध कोमट पाणी, साखर आणि यीस्टची बाटली, तोंड उघडं. (झाकण घट्ट लावलंत तर दाबाने फुटेल!) पाणी कडकडीत नको, यीस्ट मरतं.

खरी मेख पुढे आहे. त्याच खोलीत माणूस झोपला असेल तर ढेकूण त्याच्याकडेच जाणार, कारण तिथे वायूबरोबर ऊब आणि अंगाचा वासही आहे. म्हणून हा सापळा रिकाम्या खोलीत, रात्रभर. तोही ढेकूण आहेत की नाहीत हे कळण्यापुरता. प्रादुर्भाव यानं संपत नाही.

डास बाटलीजवळ घुटमळतात, पण आत ओढणारा पंखा नसेल तर बहुतेक निसटतात.

सुका बर्फ (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) जास्त वायू सोडतो, पण बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. घरी वापरू नका.